चौथ्या अप्सरेचे हात

बातमी आली त्या दिवशी निंबखोऱ्यात कुळीथ झोडपायचं काम चाललं होतं, असं सांगतात. आज वीरगळ उभा आहे तिथे तेव्हा गावाची खळी होती. हैबती नावाचा गडी लंगडत आला, घागरीपाशी बसून पोटभर पाणी प्याला आणि मग म्हणाला, छापा साधला. पण माघारी मी एकटाच आलो.

नदीपलीकडे परमुलखातल्या फौजेचा तळ पडला होता. तिचे घोडेस्वार एकेक गाव जाळत येत होते आणि आता पाळी निंबखोऱ्याची होती. गावातले पाच जण पहाटे तळात शिरले. लढायला नव्हे, घोडे बांधलेल्या मेखा उपटायला. घोडे उधळले, गवताच्या गंजी पेटल्या, फौज खोळंबली आणि पुढे दुसऱ्याच वाटेने निघून गेली, म्हणे. तिघांची प्रेतं नदीकाठी सापडली. चौथा सटवा. गोंदा पाथरवटाचा एकुलता मुलगा. घण चालवायची सवय म्हणून मेखांचं काम त्याच्याकडे होतं. त्याचं प्रेत काही मिळालं नाही.

चौघांचा वीरगळ कोरायचं पाटलांनी गोंदालाच सांगितलं. पंचक्रोशीत दुसरा पाथरवट नव्हता. वीरगळाची रीत ठरलेली. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीरांना उचलून नेणाऱ्या अप्सरा, वर शंकराच्या पिंडीपुढे हात जोडून बसलेले वीर. अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या दिवशी, दगड उभा करायचं ठरलं.

गोंदाचं मात्र चित्त ठिकाणावर नव्हतं. गेरूने रेघा आखायचा, पाणी मारून पुसायचा, पुन्हा आखायचा. काम अर्ध्यावर टाकून उठायचा, नदीवर जाऊन पलीकडचा काठ न्याहाळायचा आणि परत येऊन छिन्नीला धार लावत बसायचा. धार असली तरी लावायचा. सून ठकू भाकरी घेऊन यायची आणि बहुतेक वेळा तशीच परत न्यायची.

त्याच्या घराण्यात अप्सरा आधी कोरायच्या आणि माणूस मागाहून त्यांच्या हातांत बसवायचा, अशी पद्धत होती. हाताला वळण तेच. त्या वळणाने त्याने चारही अप्सरा कोरून टाकल्या आणि मग तीन वीर बसवले. चौथ्यापाशी आल्यावर त्याच्या ध्यानात आलं, आपण काय करून बसलो.

कारण गावाचा नेम असा, की अप्सरेच्या हाती दिलेला माणूस मेला. त्याचे दिवस घालायचे, त्याच्या बायकोचं कुंकू पुसायचं. ठकू तर अजून कुंकू लावत होती. पाणवठ्यावर बाया विचारायच्या, कुणासाठी लावतेस गं? ती म्हणायची, ज्याच्या नावाचं आहे त्याच्यासाठी. तुमच्या घरचं तर मागायला आले नाही ना?

एक दिवस भाकरी ठेवून ती थांबली. दगडाकडे पाहत म्हणाली, "मामंजी, त्यांना बसवणार असाल तर आधी मला सांगा. बांगड्या माझ्या मी फोडीन. कुणी घरी येऊन फोडायला नको."

त्या दिवशी गोंदाने छिन्नीला हात लावला नाही.

तृतीया तोंडावर आली, तेव्हा पाटील गावकऱ्यांना घेऊन काम बघायला आले. हैबतीही काठी टेकत आला होता. पाटलांनी दगड वरपासून खालपर्यंत पाहिला.

"गोंदा, चौथी बाई रिकामी उभी आहे. तिला काही कामधंदा नाही का रे?"

दोघेतिघे हसले. गोंदाने खाली ठेवलेला हातोडा उचलला.

"सटवाला मेलेला कुणी पाहिलाय, पाटील? ज्यानं पाहिला त्यानं सांगावं. मी आत्ता बसवतो."

सगळ्यांच्या नजरा हैबतीकडे वळल्या. ठकू भाकरीचं फडकं धरून कडेला उभी होती. हैबती बराच वेळ तिच्या मनगटांकडे बघत राहिला, असं सांगतात.

"शेवटचा पाहिला तेव्हा वाकून मेख काढत होता," तो म्हणाला. "मग धूर झाला. पुढचं मला ठाऊक नाही."

हैबती खरं बोलला की नाही, यावर गावात अजून दोन मतं आहेत.

गोंदाने मग खालच्या चौकटीत एका कोपऱ्यात वाकलेला माणूस कोरला. त्याच्या हातात तलवार नाही, घण आहे. वीराच्या हातात असलं अवजार शोभत नाही म्हणून पाटील कुरकुरले, पण दिवस उरले नव्हते. दगड तसाच उभा राहिला. पुढे दर तृतीयेला गोंदा अवजारं घेऊन तिथे जायचा आणि जमलेल्यांना तोच प्रश्न विचारायचा. त्याच्यामागे ठकू पुष्कळ वर्षं जगली. म्हातारी होऊन गेली तेव्हा गावाने तिची सवाष्ण म्हणून ओटी भरली, म्हणे.

आजही अक्षय्य तृतीयेला पाथरवटांच्या घरातला एक जण छिन्नी-हातोडा घेऊन वीरगळापाशी येतो. हैबतीच्या घरचे सगळ्यांत पुढे उभे असतात. सटवाला मेलेला कुणी पाहिलाय का, असं तो मोठ्याने विचारतो आणि थांबतो. कुणी बोलत नाही. मग तो अवजारं उचलून घरी जातो. वीरगळाचं काम अपुरं आहे.