राखेचे दोन थर

"कोणीतरी माझी पहाट चोरली आहे, बुवा."

देवदत्त हे म्हणाला तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता आणि तो नुकताच उठला होता. कपाळावर टेंगूळ होतं. आदल्या दिवशी अंथरुणातून झटकन उभा राहिला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि खांबावर आदळला, त्याचं.

अण्णाबुवा मठाच्या ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"चोर पाहिलास?"

"गोळ्या. दोन आहेत."

एक शहरातल्या मोठ्या इस्पितळातली. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी त्याला भिंतींतून माणसं बोलताना ऐकू येऊ लागली होती. त्या गोळीने ती गप्प झाली. दुसरी तालुक्याच्या डॉक्टरांची. मधे मन विझल्यासारखं झालं, झोप उडाली, तेव्हाची. त्या गोळीने झोप आली. आली ती जाईचना.

"पूर्वी मी कसा होतो, बुवा... आठवतं?"

बुवांचे हात थांबले.

देवदत्तला स्वतःला तर सगळं आठवत होतं. मठात आला ते पहिलं वर्ष. नदीवरचं धुकं, पायांना झोंबणाऱ्या ओल्या पायऱ्या. धुनीची राख हलक्या हाताने सारायची, रात्रभर जपलेला निखारा शोधायचा, फुंकणी लावायची. धुराने ठसकत ठसकत भूपाळी म्हणायची. गोवरीचा वास दिवसभर सदऱ्याला राहायचा. आता धुनी मठ झाडणाऱ्या चंपाआक्का पेटवत होत्या.

"तो मी मला परत हवा आहे. आज ही दोन्ही पाकिटं नदीत."

बुवा उठले. धुनीपाशी गेले. चिमटा घेतला आणि राखेचा सगळा थर एका झटक्यात बाजूला ओढला.

दुपारचा वारा आत शिरला. ठिणग्या उडाल्या त्या थेट दोरीवर वाळणाऱ्या लुगड्याकडे.

"अवो बुवा! लुगडं माझं!" चंपाआक्का ओरडल्या. "म्हातारपणी खूळ लागलं का काय?"

देवदत्तने हातातली पाकिटं टाकली आणि धावत जाऊन लुगडं ओढून घेतलं, खाली पडलेल्या ठिणग्या पायांनी विझवल्या.

"काय केलंत हे?"

"राख नको म्हणालास ना? दोन्ही पाकिटं नदीत?"

देवदत्त धापा टाकत उभा राहिला. बुवांनी मूठभर राख निखाऱ्यांवर पसरली. वर तळवा धरला. बराच वेळ धरला. मग आणखी चिमूटभर राख. पुन्हा तळवा.

"म्हणजे जन्मभर राखेखालीच राहू मी?" देवदत्त चिडून म्हणाला. "विस्तव असून काय उपयोग मग?"

"माझा गुरुबंधू होता. येसाप्पा," बुवा म्हणाले. "एकदा वादळ आलं. त्याने धुनीवर राख घातली आणि झोपला. त्याला पत्ता नाही, मीही उठून घातली. भरपूर. सकाळी धुनी गार. कैक वर्षांची धुनी..."

"चूक कोणाची?"

"दोघांनीही भल्यासाठीच घातली होती."

"गुरू कोणावर रागावले?"

"कोणावरच नाही. आम्हाला समोरासमोर बसवलं."

बुवांनी जमिनीवर पडलेल्या पाकिटांकडे बोट दाखवलं.

"तालुक्याच्या डॉक्टरांनी विचारलं नाही तुला, आणखी काय चालू आहे म्हणून?"

"...विचारलं."

"मग?"

शेंगांच्या टरफलांवरून वारा गेला. भिंती बोलतात म्हणून गोळी घेतो, हे तो त्या दिवशी सांगू शकला नव्हता. शिकलेला होता ना.

बुवांनी खाली पडलेली पाकिटं उचलली, फुंकरीने माती झाडली आणि ओट्यावर ठेवली. एकमेकांसमोर.

देवदत्तने विचारलं, "शहराची एसटी कितीला आहे?"

शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. आधी बसवून रक्तदाब मोजला, मग उभं करून. आणि त्याच्यासमोरच तालुक्याला फोन लावला.

"दोन्ही गुंगी आणणाऱ्या आहेत," त्या म्हणाल्या. "एकत्र देता येतात, पण देणाऱ्याला ठाऊक हवं. आता एकीचं प्रमाण हळूहळू उतरवू. एकीचंच. मग थांबून बघू. मनाने काही बंद करायचं नाही. दारू, भांग?"

"नाही."

"खरं?"

"आता खरंच सांगतोय, मॅडम."

ते दिवस सोपे गेले नाहीत. मधे एकदा भिंत पुटपुटली. या वेळी त्याने त्याच दिवशी फोन केला.

थंडी पडली. एका सकाळी त्याला जाग आली. भूपाळीची वेळ टळून गेली होती, पण ऊन अजून अंगणात उतरलं नव्हतं. तो आधी अंथरुणावर बसला. पाय जमिनीला टेकवले. मग सावकाश उभा राहिला.

कोपऱ्यातली फुंकणी त्याने हातात घेतली.

चंपाआक्का खराटा घेऊन आल्या आणि धूर बघून दारातच थबकल्या.

"अगं बया," त्या म्हणाल्या, "माझ्या आधी आज कुणी उठवलं धुनीला?"