शहारेकरी

त्या राज्यात वर्षातले बहुतेक महिने बर्फ पडे आणि सगळी प्रजा एकाच बंबावर जगत असे. डोंगराच्या पोटात तो बंब होता. खाली तेलाची ज्योत, वर पाण्याचं पिंप, आणि पिंपातून निघालेले मातीचे नळ डोंगरभर बिळाबिळांतून फिरलेले. ज्योत पेटली की नळ तापत आणि बिळं उबदार होत. ज्योत विझली की जो तो आपल्याच शेपटीत नाक खुपसून बसे आणि शेजाऱ्याच्या नावाने बोटं मोडी.

बंब केव्हा पेटवायचा आणि केव्हा विझवायचा, यावरून पूर्वी फार भांडणं होत. वरच्या बिळांतल्यांना उकडे, त्याच वेळी शेवटच्या बिळांतले कुडकुडत. तोंडाच्या सांगण्यावर कुणाचा विश्वास उरला नाही, तेव्हा जुन्याजाणत्यांनी तोड काढली. एकच प्रामाणिक अंग नेमायचं आणि त्याची थंडी ती साऱ्यांची थंडी मानायची. या पदाला शहारेकरी म्हणत. शहारेकऱ्याच्या दंडाला एक बारीक दोरी बांधलेली असे आणि तिच्या दुसऱ्या टोकाला, बंबाशी, घुंगरं. त्याचं अंग थरथरलं की घुंगरं वाजत आणि बंबवाला तेल सोडी. घुंगरं थांबली की तेल बंद. हाताने ओढून दोरी वाजत नसे, तिला अंगाची बारीक थरथरच लागे. व्यवस्था चोख होती. ती चोख आहे असं सांगत फिरणाऱ्यांची बिळं बंबाजवळ होती, ही गोष्ट वेगळी.

एका हिवाळ्यात मात्र बंब सारखा विझू लागला. पेटे, नळ जरा कोमट होत, की पुन्हा विझे. वरच्या बिळांत नुसती कुरकुर झाली. शेवटच्या बिळात ठकी नावाची चिचुंद्री राहत असे, तिचं एक पिल्लू सकाळी उठलंच नाही.

राज्यातले नळ आणि तोट्या साफ करण्याचं काम ठकीच्या थोरल्या बहिणीकडे होतं. तिचं नाव भिंगरी. लांब नाक, हाडकुळं अंग, आणि एका जागी बसणं ठाऊक नाही. दरबारातून हुकूम आला, बंब का विझतो ते शोधून काढ. हुकूम आला नसता तरी ती गेलीच असती. राज्याचं काय व्हायचं ते होवो, ठकीची उरलेली पिल्लं जगायला हवी होती.

तिने आधी तेलाची कोठी पाहिली. तळाशी गाळ बसला होता, गाळणी चिकटून गच्च झाली होती. तिने ती धुतली, बंब पेटला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. दरबाराने तेल वाहणाऱ्या उंदरांना आळशी ठरवून हाकलून दिलं. बंब पुन्हा विझला. मग तिने ज्योतीच्या तोटीत नाक घालून काजळी काढली, शिंका देऊन देऊन तिचा जीव अर्धा झाला. बंब पेटला आणि विझला. मग धुराडं. धुराड्यात पाकोळ्यांचं घरटं होतं. घरट्याने धूर अडत नव्हता, हे भिंगरीला दिसत होतं. पण खाली सगळे माना वर करून उभे होते आणि त्यांना काहीतरी खाली पडलेलं पाहायचं होतं. तिने घरटं काढलं. पाकोळ्या बर्फात उडाल्या त्या परत दिसल्या नाहीत. टाळ्या या वेळी सर्वांत जास्त पडल्या. भिंगरीला त्या टाळ्यांची किळस आली, आणि त्याहून जास्त स्वतःची.

बंब विझलाच.

बंबापाशी खवल्या मांजर होतं, म्हातारं, ठिणग्यांनी खवले काळवंडलेलं. सगळे त्याला खवलेमामा म्हणत. भिंगरी त्याच्यावर उखडली.

"मामा, सगळं धुतलं, सगळं खरवडलं. तरी विझतो कसा?"

"म्या इझवतो," खवलेमामा शांतपणे म्हणाले. "घुंगरं थांबली की तेल बंद कर, असं सांगितलंय मला. कुणी इचारलंच न्हाई, इझवतो कोण म्हणून."

भिंगरी डोकं धरून खाली बसली. मग उठली आणि दोरीच्या कडेकडेने वर चढत गेली.

शहारेकरी एक ससा होता. नेमला तेव्हा तो काटकुळा होता आणि पान हललं तरी कापे. पण त्या राज्यातली प्रजा कृतज्ञ होती. आपल्यासाठी हा जीव कुडकुडतो, याची जाणीव ठेवायला नको का? म्हणून बंब नीट चालला की दर वेळी सशाचा सत्कार होई, शाल आणि श्रीफळ देऊन. श्रीफळं तो वाटून टाकी. शाली परत करणं बरं दिसलं नसतं. भिंगरी खोलीत शिरली तेव्हा तिला शालींचा ढीग दिसला आणि ढिगाच्या टोकाला दोन कान. त्याची बैठक बंबातून निघालेल्या पहिल्याच नळावर होती. तोही मानच.

"खाली पिल्लं मरतायत," भिंगरी म्हणाली.

"असं कसं होईल?" सशाच्या डोळ्यांत खरोखर काळजी होती. "मला थंडी वाजली की लगेच पेटतो बंब. मी कधी कामचुकारपणा केलेला नाही, बाई. मला वाजतच नाही, तर काय करू?"

दरबारात हे सांगताना भिंगरीने भीड ठेवली नाही. राजा अस्वल होता. त्याच्या अंगावर इतके केस होते की थंडी हा त्याच्यासाठी ऐकीव विषय होता. पण तो मनाने वाईट नव्हता. त्याने सशाला सन्मानाने निवृत्त केलं, निरोपादाखल एक शाल दिली आणि शहारेकरी म्हणून भिंगरीलाच नेमलं. तिच्याइतकं हाडकुळं अंग दुसरं कुणाचं होतं?

भिंगरीने अटी घातल्या. बैठक नळावरून काढायची. खिडकी उघडी राहील. आणि शाल कुणाचीही घेणार नाही.

मग त्या राज्यात असा हिवाळा आला की ज्याची आठवण लोक पुढे कितीतरी दिवस काढत राहिले. वारा सरळ भिंगरीच्या अंगावर येई. तिचे दात वाजत, नाक निळं पडे, आणि घुंगरं सारखी खणखणत राहत. शेवटच्या बिळातला नळ हात लावला तर चटका बसावा इतका तापला. ठकीच्या पिल्लांनी बिळाबाहेर येऊन बर्फात कोलांट्या मारल्या. राजाने शाल पाठवली, भिंगरीने परत केली. दिवाणाने स्वतः आणली, तिने दारातूनच परत लावली. तिच्या शाल नाकारण्याची गाणी झाली. गाण्यांनी ऊब येत नाही, त्यामुळे त्यांचं काही बिघडलं नाही.

पण शेवटच्या बिळांतल्यांच्या मनाला ते लागून राहिलं. जिच्यामुळे आपली पोरं जगली, ती तिकडे उघडी बसलेली. मोठ्यांच्या शाली ती घेत नाही, बरोबरच आहे, पण आपण काय परके आहोत? त्यांच्याकडे लोकर नव्हती. म्हणून प्रत्येकाने आपल्याच अंगावरचे थोडे थोडे केस उपटून दिले, बायकांनी ते कातले, विणले, आणि शाल घेऊन ठकी डोंगर चढून आली.

"ठके, मला चालायचं नाही हे," भिंगरी म्हणाली. "तुला ठाऊक आहे, दोष कशात होता ते."

"आक्का, न्हाई म्हणू नगंस. ही काय दरबारची हाय व्हय? आपल्या मानसांच्या अंगची हाय." ठकीच्या मानेवर केस उपटल्याचे लाल ठिपके होते. "तू परत केलीस तर म्या खाली जाऊन सांगू काय?"

भिंगरीने शाल पांघरली. ठकी दिसेनाशी होईपर्यंतच, असं तिने मनाशी ठरवलं होतं. ठकी वळणाआड गेली. भिंगरीचे दात थांबले होते. कितीतरी काळाने पहिल्यांदाच तिला आपल्या पायाची बोटं आपली वाटली. तिला झोप लागली.

जाग आली तेव्हा दोरी लोंबत होती. शाल काढायची म्हणून तिने हात वर नेला, आणि त्याच हाताने ती कानांवर ओढून घेतली. अजून थोडा वेळ. खिडकीतून येणारा वारा आता बरा वाटत होता. दोष कुठे आहे हे साऱ्या राज्यात तिच्याइतकं नेमकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असूनही तिचं अंग हलत नव्हतं. खाली नवा दुरुस्तीवाला गाळणी धूत होता. मग तो तोटीकडे वळला, मग धुराड्याकडे.

शेवटच्या बिळांतही विचार चालू होता. नळ गार पडले, घुंगरं वाजत नाहीत, म्हणजे आक्का आपल्यावर रुसली, यावर सगळ्यांचं एकमत झालं. शाल आखूड पडली असणार. जाडीभरडी झाली असणार. आपण हात राखून दिलं, तिथेच चुकलं.

ठकी पुन्हा आली तेव्हा भिंगरीने तिला आधी ओळखलंच नाही. अंगावर केस राहिले नव्हते. गुलाबी कातडी गारठ्याने तडकली होती. हातात दुसरी शाल होती, मोठी, दोन पदरी.

"हिच्यात लय मऊ लव लागलीया, आक्का," ती म्हणाली. "लहानग्यांची हाय. त्यास्नी आता तिचा काय उपेग न्हाई."

भिंगरीला कळायला वेळ लागला नाही. पोटातून हुंदके वर आले, एकामागून एक, पण पहिल्या शालीतून बाहेर येईतो ते विरून गेले आणि दंडाची दोरी काही हलली नाही. ठकीने दुसरी शाल तिच्या खांद्यांवर घातली, चारी बाजूंनी चापून बसवली, आणि निघताना तिचं टोक भिंगरीच्या गळ्याशी नीट खोचलं, कुठून वारा लागायला नको म्हणून.