सुतारपक्ष्याची दवंडी

पाखरांचा आपसात व्यापार चाले त्या काळी, एका सुतारपक्ष्याने खोडात ढोल्या कोरून द्यायचा धंदा मांडला. नवख्याला कोण ओळखणार? म्हणून त्याने कावळ्याला दवंडी द्यायला सांगितलं. जो कोणी ढोली बघायला येईल, त्याच्यामागे कावळ्याला एक उंबर, मग तो ढोली घेवो न घेवो.

कावळ्याचा आवाज रानभर पोचला. बगळे आले, माकडं आली, ढोलीत डोकावून निघून गेली. एका राघूने तेवढी ढोली घेतली. उंबरांचा साठा आटला आणि सुतारपक्ष्याची पिल्लं अर्धपोटी राहू लागली.

"उरलेली सगळी उंबरं दे, आणखी मोठ्याने ओरडतो," कावळा म्हणाला.

सुतारपक्षीण म्हणाली, "अहो, त्यातली निम्मी नदीकाठच्या टिटवीसाठी ठेवा, तीही दवंडी देईल. घर शोधणारी पाखरं तिलाच विचारतात."

"तिचं ऐकतात कितीजण? थोडेच आले तर?" सुतारपक्षी म्हणाला.

"मग उंबरंही थोडीच जातील."

त्याने भीतभीतच तसं केलं. येणाऱ्या प्रत्येकाला तो विचारू लागला, "तुम्हाला कोणी पाठवलं?"

एका सकाळी साळुंक्यांचं जोडपं घाईघाईने आलं. "टिटवीबाईंनी. अंडी घालायची वेळ झालीय, ढोली आजच हवी." मागोमाग पिंगळा आला, तोही टिटवीकडूनच. साळुंक्यांनी आणि पिंगळ्याने ढोल्यांच्या बदल्यात भरपूर उंबरं आणून टाकली.

सुतारपक्ष्याने कावळ्याला काढलं नाही. त्याचा वाटा मात्र कमी केला. कावळा कुरकुरला, पण राहिला.

त्या संध्याकाळी पिल्लं पोटभर जेवून झोपली. सुतारपक्षीण हळूच म्हणाली, "आज कुणी रडलं नाही हो."