कोठावळा आणि गोष्टीतला बोकड

फार जुन्या काळी, राजाचा तंबूसुद्धा हाताने कातलेल्या सुताचा असे तेव्हा, एका राज्यात एक कोठावळा होता. सरकारी कापूस बायकांना द्यायचा आणि त्यांच्याकडून सूत कातून घ्यायचं, हे त्याचं काम. त्या वर्षी राजाचा नवा तंबू व्हायचा होता. तो चांगला झाला तर कोठावळ्याला खजिन्याच्या किल्ल्या मिळणार होत्या. बिघडला तर हातातली कोठीही जाणार होती.

कोठावळा भारी संशयी. मांजराने डोळे मिटले, तरी ते कोणाच्या सांगण्यावरून मिटले याचा तो विचार करत बसे.

बायका ओसरीवर चरखे घेऊन बसत. एक म्हातारी गोष्ट सांगे, बाकीच्या कातत. तिचा आवाज लांबला की सगळ्यांचे हात धागा ओढत मागे जात. ती थांबली की धागा चातीवर गुंडाळला जाई. पिढ्यान्‌पिढ्या हीच रीत होती.

एकदा कोठावळ्याने भिंतीआडून कान दिला. गोष्ट एका बोकडाची होती. बोकडाला दाढी होती. कोठावळ्यालाही होती. बोकड मूर्ख निघाला आणि बायका खो खो हसल्या.

तो तरातरा पुढे आला. "कोण हा बोकड?"

"बोकडच हो, दादा," म्हातारी म्हणाली. "माझ्या आजीच्या वेळचा. तुमचा तेव्हा पाळणासुद्धा हलला नव्हता."

"पकडलं की सगळे असंच म्हणतात! आजपासून गोष्ट बंद. मुकाट्याने काता."

बायका मुकाट्याने कातू लागल्या. हातांचा ठेका गेला. सूत कुठे सुतळीएवढं जाड, तर कुठे केसासारखं बारीक उतरू लागलं.

विणकर तक्रार घेऊन आला. "मालक, हे सूत मागावर टिकत नाही. त्यांना बोलू द्या."

कोठावळ्याने डोळे बारीक केले. "म्हणजे तुलाही बोकड ठाऊक आहे!"

विणकराने हात जोडले आणि मिळेल त्या सुताचं कापड विणलं.

तंबू उभा राहिला. राजा आत जेवायला बसला, वाऱ्याची एक झुळूक आली आणि छत फाटून थेट आमटीत उतरलं. कोठावळ्याची कोठी त्याच दिवशी गेली.

बोचकं घेऊन तो गाव सोडायला निघाला, तेव्हा ओसरीवर चरखे पुन्हा एका लयीत फिरत होते.

"एक होता कोठावळा..." म्हातारीने सुरुवात केली, आणि बायका आधीच हसू लागल्या.

ही गोष्ट आपल्यावरच आहे, असा कोठावळ्याला संशय आला. या खेपेला तो खरा होता.

तात्पर्य: दुसऱ्यांच्या प्रत्येक हसण्यात जो स्वतःला शोधतो, तो एक दिवस तिथे सापडतोच.