पुऱ्या मिनिटाच्या वशाची कहाणी

ऐक जिवती आई, तुझी कहाणी. हात धुवून बसा गं बायांनो, फुटाणे मागाहून मिळतील.

आटपाट पेठ होती, कोष्ट्यांची. तिथं एका कोष्ट्याची लेक होती, सगुणा तिचं नाव. राजाच्या दवाखान्यात ती नर्सबाईचं काम शिकत होती. राजाचा कायदा असा, की परीक्षा पास झाल्याशिवाय आजाऱ्याची जबाबदारी घ्यायची नाही. सगुणेनं हाडं पाठ केली, औषधं पाठ केली, रोग पाठ केले. मग परीक्षेला गेली. लेखी पेपर झोकात गेला. मग परीक्षक बाईंनी खाटेवरचा एक म्हातारा दाखवला. म्हणाल्या, "नाडी मोज." सगुणेनं घड्याळ पाहिलं. पंधरा सेकंदांत अठरा ठोके. अठरा चोक बहात्तर. तिनं लिहिलं नि हात सोडला.

निकाल लागला. सगुणा नापास. म्हाताऱ्याचे ठोके मधूनच गळत होते, ते तिनं मोजलेच नव्हते.

मग ती घरी आली, बापाच्या मागाशेजारी बसून रडली. आता परीक्षेला आणखी एकदाच बसता येणार होतं. तेव्हा चुकली, तर राजा तिसऱ्यांदा दार उघडत नव्हता.

पुढं श्रावणातला पहिला शुक्रवार आला. सगुणा नदीवर सूत धुवायला गेली. पायरीवर एक म्हातारी बसली होती. म्हणाली, "मुली, डोळे का सुजलेत?" सगुणेनं सगळं सांगितलं, अठरा चोक बहात्तरसुद्धा सांगितलं. म्हातारी हसली. "पाव लुगडं विणून चारानं गुणलं, तर तुझा बाप गिऱ्हाइकाच्या हातात काय देईल गं?"

सगुणा ओशाळली. म्हणाली, "आजी, मला वसा सांगा."

"सांगेन. पण घाई करशील, कंटाळशील, घेतला वसा मध्येच टाकशील."

"घाई करणार नाही, कंटाळणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

मग म्हातारीनं वसा सांगितला. "रोज सकाळी कोपरापर्यंत हात धुवावे. एका माणसाला त्याचं नाव विचारावं, हात मागावा. मनगटावर तीन बोटं ठेवावी. अंगठा लावू नये, अंगठा आपलाच ठोका ऐकत बसतो. आणि पुरतं एक मिनिट मोजावं. गुणाकार करू नये." सगुणेनं मान वर केली, तर पायरी रिकामी.

मग तिनं वसा घेतला. पहिल्या दिवशी बापाचा हात धरला. ठोका कसा, तर माग चालावा तसा, सावकाश. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाळंतिणीकडं गेली. बाळाच्या दंडाशी बोटं ठेवली, तर आत घोडा चौखूर उधळलेला. तिसऱ्या दिवशी धोंडू कुंभाराकडं गेली. नव्वदीचा म्हातारा. सगुणा मोजत राहिली नि तिच्या अंगावर काटा आला. नव्वद वर्षं हे आत चाललंय. कोणी किल्ली दिली नाही, कोणी जागं ठेवलं नाही, आणि एक दिवस थांबलं नाही. आजवर हजार पानं पाठ केली, पण हे आपण कधी पाहिलंच नव्हतं! तिचे डोळे भरून आले. कुंभार म्हणाला, "पोरी, रडतेस का? मेलो की काय मी?"

मग दिवस गेले, महिने गेले. परीक्षा आठ दिवसांवर आली, तशी सगुणा उतली, मातली. कुंभाराचाच हात धरला, पंधरा सेकंद मोजलं, चारानं गुणलं नि पुस्तकाकडं पळाली. पण अक्षर दिसेना, घास गिळेना. दुपारी परत गेली.

"बाबा, हात द्या."

"सकाळीच दिलेला की!"

"सकाळी मी पावच घेतला."

मग पुरतं मिनिट मोजलं. चाळिसाव्या सेकंदाला एक ठोका आलाच नाही. तिनं त्याला वैद्याकडं नेलं. पुन्हा कधी गुणाकार केला नाही.

परीक्षेचा दिवस आला. खाटेवर दवाखान्यातली आया बसली होती. धडधाकट बाई, एरवी परीक्षेत हात द्यायला खाटेवर तीच असायची. एकोणीस मुलींनी हात धरला, एकोणीस जणींनी बहात्तर लिहिलं. विसावी सगुणा. तिनं हात धुतले. विचारलं, "मावशी, तुमचं नाव काय?"

मावशी बघतच राहिली. "इतकी वर्षं इथं हात देते, नाव कोणी विचारलं नाही गं. जिवाई माझं नाव."

सगुणेनं तीन बोटं ठेवली. पाव मिनिट गेलं, अठरा. अर्धं गेलं, छत्तीस. मग एक ठोका गळाला. पुढं आणखी एक गळाला. तिनं लिहिलं, 'सत्तर. दोन चुकले.'

परीक्षक बाई म्हणाल्या, "एकोणीस जणी खोट्या नि तू एकटी खरी? मागच्या खेपेला काय झालं, आठवतंय ना?"

सगुणेनं कागदाकडं पाहिलं. बहात्तर लिहिलं असतं, तर सुटली असती. पण म्हणाली, "बाई, तुम्ही हात धरा."

बाईंनी हात धरला. पंधरा सेकंदांनी बोटं उचलायला लागल्या.

"बाई, अजून पंचेचाळीस राहिले."

बाईंनी बोटं परत टेकवली. बाईंचा चेहरा हळूहळू उतरला. मिनिट पुरं झालं, तशा त्या उठल्या, स्वतः मावशीला आडवं केलं, डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टर म्हणाले, "बरं झालं, आज कळलं." मग बाईंनी सगुणेचा कागद घेतला आणि तिच्यासमोर कोपरापर्यंत हात धुतले.

सगुणा पास झाली. पांढरा पोशाख चढवून पहिल्याच दिवशी जिवाईच्या खाटेशी गेली. पुरतं मिनिट मोजलं. एकही ठोका चुकला नाही.

जिवती आई जशी सगुणेला पावली, तशी दुसऱ्यांदा बसणाऱ्या सगळ्या लेकींना पावो. आता कोणी उठू नका. शेजारणीला नाव विचारा, हात मागा, तीन बोटं ठेवा. फुटाणे कुठं पळत नाहीत. ही साठ सेकंदांची कहाणी तीन बोटांवर सुफळ संपूर्ण.