कवडशाचा फराळ

ज्या गावात धुकं आधी उठतं आणि माणसं मागाहून, अशा एका गावात एक सुगरण राहत होती.

गाव नदीकाठचं. पहाटे नदीवरून धुकं निघायचं, घराघरात डोकावायचं, आणि चुलींचा धूर त्यात मिसळला की गाव जमिनीवर आहे की ढगात, हे सांगता यायचं नाही. दिवाळीच्या आधी मात्र गाव कुठे आहे ते वाटसरूच्या नाकाला बरोबर कळायचं, कारण सुगरणीच्या चुलीवर तूप चढलेलं असायचं.

सगळे तिला सुगरणकाकी म्हणत. वय पन्नाशीचं, घरात दुसरं कुणी नाही, पण हाताला अशी चव की भांडणारे शेजारीसुद्धा तिच्या ओट्यावर एका ताटात जेवत. तिचे शंकरपाळे एकासारखा एक असत. लोक आधी बघत बसायचे आणि मग खायचे. “माझ्या ताटात कधी काही उरत नाही,” असं ती दिवसातून इतक्या वेळा म्हणायची की देवाचं नाव मागे पडावं.

एका श्रावणात नदीला पूर आला. गाव काठावर उभं राहून बघत होतं, आणि वरच्या अंगाने गवताची एक गंजी वाहत आली. गंजीवर एक कुत्रा बसला होता. भुंकत नव्हता, रडत नव्हता, नुसता बघत होता. लोक हळहळले. हळहळायला काय लागतं! सुगरणीने मात्र दोन लुगडी एकमेकांना बांधली, एक टोक कमरेला गुंडाळलं, दुसरं पाणचक्कीच्या म्हाताऱ्या तात्यांच्या हातात दिलं आणि ती पाण्यात उतरली. तात्यांनी दोघांना ओढून काढलं. बाहेर आल्यावर कोण जास्त थरथरतंय, ती का कुत्रा, हे कळत नव्हतं.

घरी आल्यावर कुत्र्याने समोर आलं ते खाल्लं. भात खाल्ला, भाकरी खाल्ली, भाकरीखालचं पानही खाल्लं. कोनाड्यातली तेलात भिजलेली वात खाल्ली. पुरातून आलेला जीव तो. पुढचा घास मिळेल याची खात्री त्याला कुठली? त्या दिवसापासून कुणी काही पुढे केलं आणि त्याने तोंड फिरवलं, असं कधी झालं नाही.

सुगरणीच्या छपरातलं एक कौल फुटलेलं होतं. तिथून उन्हाचा एक तुकडा जमिनीवर पडायचा आणि दिवसभर घरातून हळूहळू चालायचा. कुत्रा त्या तुकड्यात झोपायचा आणि तो सरकला की झोपेतच त्याच्याबरोबर सरकायचा. म्हणून तिने त्याचं नाव कवडसा ठेवलं, आणि कौल काही बदललं नाही.

आता सुगरणीची माया ती. ती थोडीच नुसतं डोक्यावरून हात फिरवून भागणार! सकाळी तुपातली पोळी, दुपारी शिरा, संध्याकाळी परत पोळी. कवडसा खायचा, शेपूट हलवायचा, आणि मग रात्रंदिवस अंग खाजवत बसायचा. त्याचे केस झडू लागले. पोट बिघडलं. सुगरणीने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, हळद लावली, कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ घातली. गुण येईना.

एकदा ती दळण घेऊन पाणचक्कीवर गेली. मागोमाग कवडसा. तात्या बोलायचे कमी आणि बघायचे जास्त.

“काकी, तुझा परवाचा उपास होता ना?” ते म्हणाले. “त्या दिवशी हा माझ्या दारात स्वस्थ झोपला होता. आज खाजवतोय. काल पोळ्या केल्या होत्यास?”

“केल्या होत्या. का हो, तात्या?”

“त्याला गहू सोसत नाही. माझ्या बहिणीला असंच होतं. मूठभर गहूसुद्धा चालत नाही तिला.”

सुगरणीने गहू बंद केला. कवडशाला भात आणि ज्वारीची भाकरी मिळू लागली. महिनाभरात त्याच्या अंगावर वाळक्या गवताच्या रंगाची मऊ लव आली, आणि तो उन्हाच्या तुकड्यात निजला की ऊन कुठलं आणि कुत्रा कुठला ते ओळखू येईना.

मग दिवाळी आली.

त्या गावाची एक रीत होती. पाडव्याला दिवेलागणीच्या वेळी जो तो आपल्या घरच्या मुक्या जिवाला नदीच्या घाटावर आणायचा. बैल, गाय, शेळी, मांजर, कुणाचा पोपट. प्रत्येकाचं वेगळं ताट. ताटं दिव्यांच्या ओळीने मांडायची, आणि जनावरांनी तोंड लावण्याआधी सगळ्या गावाने ती बघून घ्यायची. सुगरणीच्या घरी आजवर जनावर नव्हतं, त्यामुळे तिचं ताट कधी लागलं नव्हतं. यंदा लागणार होतं. पाटलीणबाईंनी तर आठवडा आधीच सांगून ठेवलं, “काकी, पहिलं तुझंच ताट बघायचं बरं का!”

सुगरणीने ठरवलं, कवडशासाठी बिनगव्हाचा फराळ करायचा. वसुबारसेच्या आदल्या दिवशी ती नाचणीचं पीठ घेऊन बसली. पीठ भिजवलं, लाटलं, कातलं, आणि उलथन्याने उचलायला गेली तर सगळा भुगा. पुन्हा मळलं. पुन्हा भुगा. तिसऱ्यांदा दोन वड्या धड निघाल्या, त्याही वेड्यावाकड्या, कडेला भेगा पडलेल्या. ज्या हातांनी उभ्या गावाला लाटायला शिकवलं, ते हात पिठाकडे बघत राहिले.

ती मनाशी म्हणाली, “हे घाटावर नेऊ? लोक काय म्हणतील?”

गव्हाचं पीठ हाताशीच होतं. तिने डब्याकडे बघितलं. कवडशाकडे बघितलं. तो उन्हाच्या तुकड्यात निजला होता. “मूठभराने काय होतंय?” ती म्हणाली. तात्यांचं बोलणं तिला आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं. पण तिने ते, पातेल्यावर झाकण ठेवावं तसं, झाकून ठेवलं.

मूठभर पीठ पडलं आणि गोळा कसा लोण्यासारखा झाला! चौकोनी, सारख्या, खरपूस वड्या तव्यावरून उतरल्या. कवडसा जागा होऊन जवळ आला. तिने एक दिली. त्याने खाल्ली. दुसरी दिली. तीही खाल्ली. “आवडल्या रे तुला?” तिने विचारलं, आणि आवडल्या म्हणून आणखी चार दिल्या.

वसुबारसेच्या सकाळी ती उठली तेव्हा धुकं घरात शिरलं होतं, आणि कवडसा घरात नव्हता. जमिनीवर जागोजाग त्याला उलट्या झाल्याच्या खुणा होत्या. दार अर्धवट उघडं होतं.

ती धुक्यात धावली. हाक मारली की धुकं हाक गिळून टाकायचं. झाड समोर यायचं तेव्हा झाड आहे हे कळायचं. जाताना तिने सवयीने ओच्यात दोन वड्या टाकल्या होत्या. त्या दाखवल्या की येईल, असं तिला वाटलं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. तिच्या डोळ्यांसमोर नदी येत होती.

आणि नदीवरच तो सापडला. पुराच्या दिवशी जिथे तिने त्याला पाण्याबाहेर आणून ठेवलं होतं, अगदी त्याच दगडाशी तो पडला होता. पोट खपाटीला गेलेलं, डोळे अर्धे मिटलेले. पलीकडे पाणचक्कीचं चाक धुक्यात थांबलेलं होतं, आणि हाका ऐकून तात्या धोतर खोचत येत होते.

“कवडशा, बाळा, बघ काय आणलंय,” असं म्हणत सुगरणीने वडी पुढे केली.

कवडशाला मान उचलवत नव्हती. तरी त्याने ती उचलली, पुढचे पाय ओढत वीतभर सरकला, आणि तिच्या हातातली वडी घ्यायला तोंड उघडलं.

तात्यांनी तिचं मनगट धरलं. वडी घेऊन मोडली, जिभेवर ठेवली आणि थुंकून टाकली.

“गहू आहे.”

“मूठभरच हो, तात्या,” सुगरण म्हणाली. “नुसत्या नाचणीच्या नीट होत नव्हत्या.”

“आज वसुबारस. एका वासरासाठी उभं गाव आज गहू खात नाही. दरसाल मी चक्कीचे दगड धुऊन काढतो. आणि तुला ह्याच्यासाठी मूठभर सोडवला नाही?”

“पण तो आवडीने खात होता!”

“तुझ्या हातून तो मातीही खाईल,” तात्या हळूच म्हणाले. “त्याला तुला ‘नको’ म्हणता येत नाही, काकी. ते त्याच्यासाठी तूच म्हणायचं असतं.”

उरलेली वडी तिने पाण्यात भिरकावली, कवडशाला कुशीत घेतलं आणि लहान मुलीसारखी मोठ्याने रडली. तिला वडीची लाज वाटत नव्हती. कुत्र्याने उघडलेल्या तोंडाची वाटत होती.

दोन दिवस ती त्याला भाताची पेज बोटाने चाटवत बसली. चूल पेटली ती तेवढ्यापुरतीच. तिसऱ्या दिवशी कवडसा उठला आणि लटपटत उन्हाच्या तुकड्यात जाऊन पडला. तेव्हा कुठे सुगरणीने परात काढली.

धुतलेल्या दगडांवर तात्यांनी नाचणी आणि तांदूळ दळून दिले होते. सुगरणीने परात, पोळपाट, लाटणं राखेने घासलं. लाल भोपळा उकडून पिठात कालवला. गूळ नाही, मीठ नाही. लाटता येईना तेव्हा लाटणं बाजूला ठेवलं आणि हातानेच थापलं. भेगा पडल्या त्या पडू दिल्या.

पाडव्याची संध्याकाळ झाली. घाटावर दिवे लागले, धुक्यात प्रत्येक दिव्याभोवती पिवळं रिंगण तयार झालं, आणि बैलांची शिंगं त्या रिंगणांतून तरंगल्यासारखी दिसू लागली. सगळ्यांनी आधी सुगरणीचं ताट गाठलं.

ताटात बारा वड्या होत्या. एक लांबट, एक फाटकी, एकीवर तर पाचही बोटं उमटलेली.

“अगंबाई काकी!” पाटलीणबाई म्हणाल्या. “हे काय? हात घसरला की काय तुझा?”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. सुगरणीचे कान तापले. खोटं कशाला सांगा, तिला वाईट वाटलं. पण ती म्हणाली, “आजवर बघणाऱ्यांसाठी करत होते, बाई. हे खाणाऱ्यासाठी केलंय.”

कवडसा पुढे आला. एक वडी खाल्ली. दुसरी खाल्ली. सावकाश, चावून चावून. पाच, सहा, नऊ. मग त्याने उरलेल्या तीन वड्यांकडे पाहिलं, सुगरणीकडे पाहिलं, आणि तोंड फिरवलं.

सुगरणीने एक वडी उचलून पुढे धरली. “घे की रे.”

त्याने तिचा हात चाटला. वडी घेतली नाही. पोट भरलं होतं, आणि उद्याची त्याला आता काळजी नव्हती. तिच्या पायांवर हनुवटी टेकून तो झोपी गेला.

“काकी, तुझ्या ताटात उरलं गं!” पाटलीणबाई हळहळल्या.

“हो ना!” सुगरण म्हणाली, आणि डोळे पुसत हसली. त्या तीन वड्या तिने पदरात बांधल्या आणि घरी नेऊन देवापुढे ठेवल्या.

तात्पर्य: माया करताना आपल्या नावलौकिकाकडे बघू नये, समोरच्याच्या पोटाकडे बघावं, आणि ज्याला आपल्याला ‘नको’ म्हणता येत नाही, त्याचं ‘नको’ आपणच ओळखावं.