वाघाचा जबडा

माझ्या नव्या गाडीवरून इचलकरंजीत दोन तट पडले. सेडान तीच, पण कंपनीनं यंदा तिचा चेहरा बदलला होता. पुढची जाळी एवढी मोठी केली, की आमची ही म्हणाली, "कवळी बसवायला तोंड उघडल्यासारखी दिसते." माझ्या कारखान्याचा मॅनेजर पोतदार म्हणाला, "वाघाचा जबडा आहे, मालक!" गाडी माझी, म्हणून मी वाघाच्या बाजूचा. नावं ठेवणाऱ्यांशी मी बोलणंच टाकलं. आठवडाभरात बोलायला एकटा पोतदार उरला.

राहिला ड्रायव्हर दस्तगीर. एका सकाळी कारखान्याच्या फाटकात, सगळ्या कामगारांसमोर मी त्याला गाडीपुढं उभं केलं.

"कशी दिसते सांग. छान म्हणालास तर तू खुशामत्या. वाईट म्हणालास तर चावी ठेव आणि घरी जा. आणि गप्प बसायचं नाही!"

दस्तगीरनं दार उघडून मला मागं बसवलं. स्वतः पुढं बसला.

"मालक, इथनं काय दिसतंय?"

"रस्ता."

"मलाबी तेवढाच दिसतोय. अख्ख्या गावात ही गाडी बघावी लागत न्हाई अशी माणसं दोनच, तुम्ही आणि मी. आत बसलं की लई झकास वाटतं. दिसते कशी, ते बाहेरच्यांना विचारा."

मी काचेतून बाहेर बघितलं. चाळीस माणसं तोंडावर हात धरून हसू दाबत होती. सगळ्यांत पुढं पोतदार.

चावी दस्तगीरकडेच राहिली. गाडी मलाही फार आवडते. फक्त उतरलो की मी मागं वळून बघत नाही.